कौदीचा शेवटचा कोपरा

आमच्या घरी हल्ली रोज कुणीतरी समाचाराला येतं आणि अण्णाची एक तरी गोष्ट चुकीची सांगून जातं. अशा गोष्टी साठतात तशा बिघडतातही. माझी शाळा चौथीत सुटली, मला नीट सांगता येत नाही, असं सगळे म्हणतात. पण अण्णा माझा सख्खा मोठा भाऊ. दिवाळीच्या तोंडावर तापाने गेला. त्याच्या गोष्टी मीच सांगणार.

*

धारवाडच्या बाजारात आमचं शिवणाचं दुकान. दसरा झाला की घरातली जुनी धडुती काढून अंगणात कौदी शिवायला घ्यायची. जाड गोधडी म्हणा. एका वर्षी अण्णाने ती मशीनवर शिवायला घेतली. पहिली सुई मोडली, दुसरीही मोडली. आत्या उंबऱ्यातून बघत होती. ही अप्पांची विधवा बहीण, आमच्याकडेच असते. ती म्हणाली, “कौदी म्हणजे काय शर्ट आहे? तिला मांडीवर घ्यावं लागतं.”

तेव्हापासून अण्णा कौदी शिवणाऱ्या बायकांच्या रांगेत मांडी घालून बसू लागला. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, “काय रे, बायकांत बसतोस?”

“मास्तर, बायकांनी शिवलेलं पांघरताना लाज वाटत नाही, मग शिवताना कशाला वाटायची?”

*

अप्पांचा एक लोकरी कोट होता. मऊ, जाड अस्तराचा. अण्णा दरवर्षी तो कौदीसाठी मागायचा आणि अप्पा म्हणायचे, “मी मेल्यावर घे.”

एका दसऱ्याला अण्णाने कोट धुवायला म्हणून नेला, आतलं अस्तर उसवून काढलं आणि कडा शिवून परत खुंटीला अडकवला. अप्पांना पत्ता नाही. सगळा हिवाळा तोच कोट घालून ते भेटेल त्याला सांगत होते, “यंदा थंडी फार पडली हो!”

*

कौदीचा एक कोपरा शेवटपर्यंत उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा वाळका तुकडा घालून मग टाके घालायचे. कौदी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही. हे काम आत्याचं. एकदा भाकरी संपली होती, तर आत्याबाईंनी शेंगापोळीचा तुकडा घातला. गुळाचा! सकाळी अण्णा अंग खाजवत कौदी घेऊन आला.

“आत्या, कौदी पोटभर जेवली. आता मुंग्यांची पंगत कधी उठणार तेवढं सांग.”

आत्या कधी कबूल झाली नाही. “मी घातलीच नाही. मुंग्या आपणहून आल्या.”

पुढे दर दसऱ्याला चार बायकांसमोर अण्णा विचारायचा, “आत्या, यंदा कौदीला गोड की तिखट?” आणि आत्या हातातला दोऱ्याचा गुंडा त्याच्यावर फेकायची.

*

यंदा कौदी अर्धी झाली आणि अण्णा गेला. तेराव्यानंतर मास्तर आले. चहा प्यायले, उसासा टाकला आणि अण्णाच्या खुंटीकडे बघून म्हणाले, “तो पट्ट्यांचा शर्ट चांगला आहे. माझ्या भाच्याला होईल.”

मी कात्री घेतली आणि शर्टाच्या पाठीचे उभे दोन तुकडे केले. म्हटलं, “आता होतो का बघा.”

मास्तर उठून गेले. मी ते तुकडे अण्णाच्या अर्ध्या कौदीवर जोडायला घेतले, तर आत्या आडवी आली. “गेलेल्याचं कापड कौदीत घालत नाहीत. पांघरणाऱ्याला तो बोलावून नेतो.”

“अण्णाने जिवंतपणी कुणाला त्रास दिला नाही, आता देईल?”

“सुम्न कुंदर!” आत्या चिडली की कानडीत शिरते. गप्प बस म्हणाली. मी गप्प बसलो नाही. म्हटलं, ही कौदी मी पुरी करणार आणि मीच पांघरणार. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं आणि कौदीकडे पाठ करून बसू लागली. आईही मध्ये पडेना. माझे टाके वाकडे, बोटांना भोकं, आणि घरात कुणी “थांब, मी धरते” म्हणेना. राग येणार नाही तर काय?

*

शेवटी एकच कोपरा उरला. मी आत जाऊन आईकडून भाकरीचा तुकडा मागून आणला. बघतो तर कोपरा बंद. बारीक, एकसारखे टाके. आईने शिवला म्हणावं, तर ती आत माझ्यासमोर भाकरी शोधत होती.

मी तणतणलो. माझ्या भावाच्या कौदीला न विचारता हात कुणी लावला? अप्पा कोटात मान घालून बसले. दुःखाच्या घरी शेजारी फराळ देतात, तसा दिवाळीत आलेला शेंगापोळ्यांचा डबा फळीवर तसाच होता. त्याला कुणी शिवलंही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

सकाळी कौदी अंगणात उन्हाला घातली. थोड्या वेळाने बघतो तर जमिनीवरून मुंग्यांची रांग निघालेली. अण्णाच्या शर्टाच्या पट्टीवरून सरळ त्या कोपऱ्यापर्यंत.

अप्पांनी आत्याकडे बघितलं. आईने बघितलं. मीही बघितलं.

आत्या सुपात ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्याकडे काय बघता? थंडीचे दिवस आहेत. मुंग्यांनाही ऊब लागते.”