कणसाआधीची कापणी

घरात बोलायला कोणी नसलं की माणूस गाईशी बोलू लागतं. गाय उलट उत्तर देत नाही, म्हणून सवयही लवकर लागते. आमचे हे गेल्यापासून माझं तसंच झालं आहे. मुलगा पुण्याला नोकरीला, एकटाच राहतो. लग्नाचं अजून जमलेलं नाही. फोन करतो, जेवलीस का विचारतो. जेवले म्हणते, आणि मग पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही.

संक्रांतीला आला तेव्हा मात्र तो भरभरून बोलला. गाय विकून टाक, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल, असं त्याचं म्हणणं. भर उन्हाळ्यात चारा शोधत फिरायचं हे वय आहे का तुझं, असंही म्हणाला. वय काढल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खळ्यात वर्षाचा चारा रचून दाखवते. दाखवला तर गाय आणि मी इथंच राहणार. नाही जमलं तर गाय विकून तुझ्याबरोबर निघेन. तो हसला नाही. ठरलं, एवढंच म्हणाला.

थंडी सरता सरता विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात चाऱ्याची संकरित ज्वारी पेरली. ताटं बारीक राहावीत म्हणून बी दाट टाकायचं असतं. शेजारचे आबा बांधावर उभे राहून म्हणाले, एवढे दाणे तर कोणी कोंबड्यांनाही टाकत नाही. पण ज्वारी अशी उठली की बघता बघता मी तिच्यात दिसेनाशी झाले. पाणी द्यायला आत शिरलं की चहूकडे नुसती सळसळ. एरवीही मला हाक मारणारं कोणी नव्हतं, पण तिथं ते फार जाणवायचं. गोठ्यातून गाय वास घेऊन हंबरायची. कोवळ्या ज्वारीची किराळ लागते, विष चढून उभं जनावर कोसळतं, म्हणून मी तिचं दावं दुहेरी बांधलं होतं.

फुलोरा दिसला तसा मजूर बायका सांगून विळे लावले. आबांना ते बघवेना. आमच्याकडे ज्वारी म्हणजे दाण्याची दादर, आणि दादर कणीस भरून पिकल्यावरच कापायची. दाण्याआधी ज्वारीला विळा लावणं त्यांना अभद्र वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या मुठीला माझाही हात अडखळला. पण ही ज्वारी चाऱ्याची. हिच्या कणसाची वाट बघत बसलं तर ताटांचे बांबू होतात आणि गाय तोंड फिरवते.

इथपर्यंत शहाणपणानं वागले आणि मग माती खाल्ली. जन्मभर दादर कापत आले. ती उभ्यानंच वाळलेली असते, म्हणून कापली की लगेच पेंढ्या बांधायच्या आणि गंजी रचायची. हातांनी याही वेळी तेच केलं. गंजीकडे बघत मी मोठ्या ऐटीत चहा प्यायले. आठवडा गेला नाही तोच खळ्यात आंबूस वास सुटला. गंजीत हात घातला तर आत चटका बसला. रसानं भरलेली हिरवी ताटं आतल्या आत उबून शिजत होती.

तिथंच बसून रडले. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मुलाला सांगितलं असतं तर तो लगेच गाडी घेऊन मला न्यायला आला असता. मजूर बायका कांदा काढायला गेलेल्या. मग एकटीनंच गंजी उपसली. एकेक पेंढी सोडून खळ्यात, अंगणात, ओट्यावर पसरली. काळी पडलेली ताटं उकिरड्यावर टाकली, उरलेली रोज उलटीपालटी करत राहिले. पाठ धरली, हात सोलले. आबा येऊन बघून गेले. वाकवलं की ताट कट्‌कन मोडायला लागलं, तेव्हा कुठं पुन्हा पेंढ्या बांधून गंजी रचली.

आखाजीला गावभर लेकी माहेरी आल्या होत्या, झाडांना झोके होते. मुलगा सकाळी उतरला तो सरळ खळ्यात गेला. मी मांडे करायचे सोडून त्याच्या मागोमाग. त्यानं गंजीला फेरी मारली, आत पार कोपरापर्यंत हात घातला, एक ताट ओढून मोडून बघितलं.

"वर्षाला पुरून उरेल," मी म्हटलं.

त्यानं मोडलेलं ताट परत गंजीत खोचलं. पुण्याला गेल्यापासून तो माझ्याशीही शुद्ध भाषेत बोलतो. त्या दिवशी घरच्या अहिराणीत बोलला.

"मी तुनासाठे खोली रिकामी करी ठेयेल शे, माय."

याला गाय नको होती असं मी इतके महिने धरून चालले होते. याला संध्याकाळी घरी गेल्यावर दार उघडणारं माणूस हवं होतं, आणि ते त्यानं धड मागितलं नाही, मी विचारलं नाही. येते म्हणावं असं ओठांवर आलं. पण मागे गाय नव्या चाऱ्यात तोंड खुपसून खात होती, आणि तिला कोणाच्या दावणीला बांधून जाणार होते मी?

मांडे खाऊन झाल्यावर तो निघाला. ठरल्याप्रमाणे मी जिंकले होते, म्हणून ठरल्याप्रमाणे तो एकटाच परत गेला.