एका मात्रेचा आळ

शेषेरावमामांना जाऊन महिना होत आला. या महिन्यात त्यांच्याविषयी मी पुष्कळ बोललो — घरी, वाचनालयात, शोकसभेत तर माईकसमोर उभा राहून — पण जे बोलायला हवं होतं ते एकाही माणसाशी बोललो नाही. बायकोशीही नाही. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, मामांना तर नाहीच. तेवढंच कारण असावं.

सगळे त्यांना मामाच म्हणत; ते घाटनांदूरचे. घरी शेती होती, पण जीव तबल्यात. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि हौसेने पेटी वाजवणारा. आमच्या गावात अश्विनीने कथकचा वर्ग काढला तेव्हा तिचा एकच हट्ट होता — मोबाईलवर लावलेल्या तालावर मी रंगमंचावर नाचणार नाही, शेजारी वाजवणारी माणसं हवीत. ती माणसं म्हणजे आम्ही दोघं. मामा तबल्याला, मी लेहऱ्याला.

लेहरा म्हणजे पेटीवरची एकच ओळ. सोळा मात्रांची, पुन्हा पुन्हा तीच. नाचणारी कुठेही जाऊन येवो, तबला कितीही खेळो — लेहरा जागचा हलत नाही. परत कुठे यायचं — म्हणजे सम, पहिली मात्रा — ते दोघं त्याच्यावरून ओळखतात. म्हणून काही बिघडलं तर लोक आधी तबलजीकडे बघतात, मग नर्तकीकडे. पेटीवाल्याकडे कोण बघतंय? तो तर नुसती एक ओळ वाजवत असतो.

हे मला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या सभागृहात अश्विनीचा कार्यक्रम होता. पुण्याहून एक जाणत्या बाई आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसलेल्या. पहिला अर्धा तास उत्तम गेला. बाई मामांच्या हाताकडे बघून मान डोलवत होत्या — एकदा, दोनदा, मग सारख्याच. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आणि कशाला पाहावं? पण मला ते लागलं. कसं सांगू — इतकी वर्षं शेजारी बसून मला मामांचा कधी हेवा वाटला नव्हता. की वाटत होता, आणि मी त्याला दुसरंच काही नाव दिलं होतं?

अश्विनी द्रुत लयीत शिरली होती, मामा तिच्या पावलांबरोबर बोल वाजवत होते, आणि मी — लेहऱ्यात सुरांची एक वळणदार हरकत घेतली. लहानशीच. लेहरा वाजवणाऱ्याने जे कधी करू नये ते. बाईंनी एकदा इकडे बघावं म्हणून. त्या हरकतीतून परत यायला मला उशीर झाला. एक मात्रा. ओळ एक मात्रा मागे पडली, आणि तशीच पुढे चालू लागली.

अश्विनीने शेवटची तिहाई घेतली, तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा. मध्येच तिला लेहरा ऐकू आला असणार, कारण तिने पाऊल किंचित रोखलं, माझ्यासाठी. मामांनी रोखलं नाही. त्यांची मोजणी बरोबर होती. त्यांची थाप आधी पडली, एकटीच. मग तिचा पाय आणि माझी सम, दोन्ही एकदम. मागे कुणीतरी हसलं.

चूक माझी आहे, हे त्या क्षणी मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम का सांगतोय? कारण नंतर कळलं, असं मी स्वतःलाही बराच काळ सांगत आलो. नाही. तिथेच, त्याच क्षणी ठाऊक होतं. आणि मी मान वळवून मामांकडे पाहिलं. थोडं हसलो. सांभाळून घेतल्यासारखा. पहिल्या रांगेतल्या बाईंनी ते पाहिलं. अश्विनीने पाहिलं. मामांनी पाहिलं — आणि ते स्वतःची मोजणी सोडून माझ्या समेवर आले.

पण हेही मूळ नव्हे. चूक होते, नजरही एखादे वेळी खोटी पडते. मूळ पुढे आहे.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही एका वर्गात सामान आवरत होतो. अश्विनी म्हणाली, "असू द्या मामा, होतं कधी कधी." मग मामा माझ्याजवळ आले. हातात तबल्याची हातोडी, कपाळावर घाम.

"सर, आज माज्यामुळं लई घाण झाली बगा. मातरा कुटं सुटली, समजलंच न्हाई. तुमी होता म्हणून निभावलं."

माझी माफी मागत होते ते. आणि मी ती दिली. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वय झालं मामा. चालायचंच."

त्यानंतर मामा कधीही साथीला बसले नाहीत. अश्विनीने विनवलं. दुसरा तबलजी मिळेना. शेवटी ती मोबाईलवरच्या तालावरच नाचू लागली, आणि माझीही पेटी बंद झाली. ती मला म्हणाली, "सर, तुम्ही समजवा ना त्यांना. तुमचं ऐकतील." मी घाटनांदूरला गेलो. मामा म्हणाले, "कानाचा भरवसा न्हाई ऱ्हायला, सर. कशाला पोरीचं नुकसान करायचं?" एक वाक्य पुरलं असतं. मी कापसाच्या भावाबद्दल बोललो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

तेराव्यानंतर पुन्हा त्यांच्या घरी गेलो. सून ओसरीवर होती. तिने सांगितलं, सकाळी ती भाकरी थापायला बसली की मामा मोबाईलवर "तुमची ती पेटी", म्हणजे लेहरा, लावायचे आणि पिठाच्या डब्यावर बोटं वाजवायचे. रोज. मध्येच थांबून विचारायचे, "बग गं, बरुबर येतंय का?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणायची, झकास येतंय मामंजी. तर म्हणायचे, तुला भाकरीतलं कळतंय, तेवढंच बग." ती हसली. मग पदराने डोळे पुसले. "लई वर्सं चाललं हे. सर, तुमी तर तितंच बसला व्हता. खरंच चुकलं व्हतं का हो त्यांचं?"

दारात दुसरं कुणी नव्हतं. मामा नव्हते. मला कशाचीच भीती नव्हती.

"थोडंसं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, आणि चहा टाकायला आत गेली. मी थांबलो. चहा घेतला, आणि आलो.