चिंचेनं उजळलेलं नाणं

आर्नहेममध्ये अंबरीश टिपणीसला ओळखत नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्या नाण्यांना कंटाळला नाही असाही. मूळचा पुण्याचा, वीज कंपनीत नोकरी, वय सत्तेचाळीस, स्वभाव गरीब. पण कॅनडाच्या जुन्या नाण्यांचा विषय निघाला की गडी सुटलाच. नेदरलँड्समध्ये बसून कॅनडाची नाणी कशाला, असं विचारायची सोय नाही. विचारलंत तर दोन कप चहा संपेपर्यंत सुटका नाही.

"पंचेचाळीस साली जर्मनांना हुसकायला या भागात कॅनडाचे सैनिक आले होते," तो सांगणार. "त्यांची चिल्लर इथल्या घराघरांत राहिली. राजाच्या वाढदिवसाला लोक रस्त्यावर जुनं सामान मांडतात ना, तिथे बिस्किटांच्या डब्यात मिळते."

बरं, याला नुसतं नाणं नको, नाण्यातली गडबड हवी. ठशावर आकडा वाकडा पडलेला, एकावर दुसरा ठोकलेला. १८५८चे काही ठसे टाकून न देता पुढच्या वर्षी आठावरच नऊ ठोकला गेला. तसं १८५९चं एका सेंटचं नाणं त्याला बारा वर्षं हवं होतं. विकत मिळतं हो, पण याला स्वतः हुडकून काढायचं होतं.

गणपतीत त्याने इथल्या मराठी मंडळापुढे यावर भाषणही ठोकलं होतं. पडद्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: नाणं कधीही धुवू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं लक्षात असू द्या.

त्याच्या शेजारच्या घरात रीटबाई राहतात. सत्त्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, कॉफीला बोलवायचं तरी आठवडाभर आधी डायरीत लिहून ठेवणाऱ्या. एप्रिलमध्ये अशाच एका कॉफीला त्यांनी कपाटातून लोकरीचा लहान मोजा काढला आणि त्यातून एक काळंकुट्ट नाणं टेबलावर ठेवलं. त्या सात वर्षांच्या असताना जवळच्याच अपेलडोर्नमध्ये एका कॅनडाच्या सैनिकाने दिलेलं. सैनिकाच्या आजोबांचं होतं म्हणे, नशिबाचं म्हणून खिशात बाळगलेलं.

"मी ते कधी धुतलं नाही," रीटबाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्या सैनिकाचा हात आहे त्याच्यावर."

अंबरीशने खिशातलं भिंग काढलं. १८५९. आणि नवाच्या पोटात काहीतरी गोल, काळं. आठ! फोटो काढायला आठवडाभर नेऊ का, असं त्याने विचारलं. रीटबाई डायरी उघडत म्हणाल्या, "पाच मेच्या आधी दे. मुक्तिदिनाला मी ते समोर ठेवते."

फोटो काही धड येईनात. कॅनडातल्या जाणकारांना पाठवले, तर त्यांचं एकच उत्तर: आकड्यावर मळ आहे, सांगता येत नाही. चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

त्याच सुमारास त्याची आई, मालिनीताई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. गुरुवारी देवाचं ताम्हन घासायला तिने वाटीत चिंच भिजत घातली आणि पाय मोकळे करायला बाहेर गेली. अंबरीश घरूनच काम करत होता. टेबलावर नाणं, ओट्यावर चिंच. फक्त आकड्यापुरतं, असं त्याने मनाशी म्हटलं. चिमूटभर कोळ, बोटाचं टोक. मग आकडा लख्ख आणि बाकीचं काळं विचित्र दिसायला लागलं, म्हणून सगळंच चोळलं.

नाणं तांबूस उजळलं. व्हिक्टोरिया राणी नव्या नवरीसारखी चमकायला लागली. अंबरीशने भिंग लावलं. नऊ होता, साधा, स्वच्छ नऊ. आठ नव्हताच. त्याला दिसला होता तो मळ होता.

ऐंशी वर्षं एका बाईने जपलेलं त्याने पाच मिनिटांत मोरीत घालवलं होतं, तेही कुणाला तरी 'सापडलं' असं सांगता यावं म्हणून. उरलेली चिंच त्याने फेकून दिली. आई परत आल्यावर म्हणाली, "अरे, वाटीतली चिंच कुठंय?"

"सांडली," तो म्हणाला.

तीन मेला तो नाणं परत द्यायला गेला. मालिनीताई बेसनाचे लाडू घेऊन सोबत आली. तिला शेजारीण बघायची होती. रीटबाईंनी मोज्याचं तोंड उघडून धरलं आणि नाण्याकडे पाहिलं. अंगठा एकदा त्याच्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"कुणी धुतलं?"

सत्तेचाळीस वर्षांचा, भाषणं ठोकणारा माणूस. त्याच्या तोंडून निघालं, "माय मदर. तिला माहीत नव्हतं."

रीटबाईंचे डोळे भरून आले. पण त्या रागावल्या नाहीत. नाणं टेबलावर ठेवून त्या उठल्या, मालिनीताईशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. "आया अशाच असतात. माझी आईही धुवायला निघाली होती, म्हणून तर मी ते मोज्यात लपवलं. तिला सांग, मला राग नाही."

"काय म्हणतायत?" मालिनीताईने विचारलं.

"म्हणतायत, राग नाही."

"कशाचा?"

मालिनीताईने टेबलावरच्या नाण्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं ताम्हन घासलेली बाई ती. चिंचेची चमक तिला कुणी शिकवायला नको. मग तिने मुलाकडे पाहिलं. अंबरीशने मान खाली घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

मालिनीताईने रीटबाईंपुढे हात जोडले. "चुकलं माझं म्हणावं. सांग त्यांना."

आणि अंबरीशने तेही इंग्रजीत सांगितलं.

घरी आल्यावर तिने लाडवांचा रिकामा डबा तेवढा घासून पालथा घातला. जूनमध्ये ती पुण्याला परत गेली. नाण्यांची पेटी अंबरीशने माळ्यावर टाकली. मंडळाने पुन्हा भाषणाला बोलावलं, तर खोकल्याचं निमित्त सांगितलं. रीटबाई कुंपणापलीकडून हात करतात आणि न चुकता विचारतात, आई कशी आहे, तिने ते मनाला तर लावून घेतलं नाही ना?

दर रविवारी पुण्याहून फोन येतो. तब्येत, हवापाणी, सगळं झालं की शेवटी आई विचारते, "सांगितलंस का रे त्यांना?"

"सांगतो."

"सत्त्याऐंशीच्या आहेत त्या, अंबरीश," ती म्हणते आणि फोन ठेवते.