सातवं घर

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. त्यांच्या मुलानं सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, सोमवारी तारीख आहे त्यांची!" ज्युनिअरला दुसरं काय सुचणार... शेवटपर्यंत त्या माणसाला अशिलांच्या आज्यांची नावंसुद्धा तोंडपाठ होती.

नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. विटून तपकिरी झालेला काळा कोट, मोबाइलचा तिटकारा, आणि कागदावर तर दातच. अशील बोलू लागलं की माझं पेन काढून घ्यायचे. "लिहिलंस की विसरायला मोकळी झालीस गो!" अस्सा संताप यायचा! यांना देवानं दिलंय, आम्ही काय करायचं?

एकदा मात्र मी त्यांना पकडलं, असं मला वाटलं. रोह्याच्या खाडीकाठची बारकीबाय, विधवा. तिच्या चुलत दिराचं म्हणणं, हिचा नवरा, हिरूचा मुलगा रामा, तरणेपणीच गाव सोडून गेला, खाडीला बांध घालून राखलेल्या खारजमिनीत त्याची वहिवाटच नाही. तिच्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बांध फुटला की दर घरचा एक माणूस चिखल टाकायला जातो. ज्याचा माणूस बांधावर, त्याची जमीन आत. त्याच बांधावर मारामारी झालेली, तो खटला मी चालवला. पोलीस पाटलानं हजर माणसांची यादी दिलेली, घरांच्या ओळीनं. तुझा रामा सातव्या घराला हाय, बाय."

मी रोह्याला जाऊन कोर्टाच्या जुन्या दप्तराचं रुमालात बांधलेलं गाठोडं सोडलं, यादी वहीत उतरवून आणली. सातव्या जागी धर्मा! रामा हिरू कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी सुनावणी. दीर अर्ध्या जमिनीवर तडजोडीला तयार होता, बारकीबायही. "अर्धी तरी ऱ्हाईल," ती म्हणाली. मीही तेच म्हटलं. खरं सांगते, आतून जरा बरंच वाटत होतं मला.

तात्यांनी डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर घरामागून घर चालू लागली. "तळ्याकडून निघालो. नाम्या, पोशा, गणू... सहावा रामा बाळ्या. त्याच्या भिंतीला भिंत लागून रामा हिरू. पोरी, एक रामा लिहिलास, मान खाली घातलीस, आणि दुसरा दिसला तो लिहून झालेलाच समजलीस."

"म्हणजे वही खोटी आणि तुमचं डोकं खरं?"

"घर उठून जात नाय गो." मग बारकीबायकडे वळून म्हणाले, "अर्धी घेऊ नको."

ते चुकले असते तर तिची सगळीच जमीन गेली असती.

सकाळी कोर्टानं मूळ यादी मागवली. न्यायाधीश एकेक नाव वाचत होते. "रामा बाळ्या... रामा हिरू..." बारकीबाय भर कोर्टात ओरडली, "व्हय! त्यो माजाच!" मला एकीकडे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि दुसरीकडे शिट्टी मारावीशी वाटली. दिराच्या वकिलांचा चेहरा तर काय वर्णावा! सगळी जमीन मिळाली, गुंठाभरही कमी नाही. परतताना एसटी नागोठण्याला थांबली, तेव्हा वाटलं, तात्या आता माझी चूक काढणार. ते म्हणाले, "भूक लागली का?" आणि दोन वडापाव घेतले.

तात्यांच्या माघारी, गेल्या आठवड्यात उधाणानं तो बांध पुन्हा फुटला. बारकीबायचा फोन आला, "ये गो." मला वाटलं, काही तंटा असेल. जाऊन बघते तर सगळं गाव गुडघाभर चिखलात, आणि एक म्हातारा घरांच्या ओळीनं पुकारा करतोय. ज्याचं त्याचं माणूस ओ देत होतं. सातव्या घराला बारकीबायच्या मुलीनं दिली. शेवटचं घर झालं, तरी म्हातारा थांबला नाही.

"तात्या वकील!"

सगळे माझ्याकडे बघत होते. बारकीबायनं एक रिकामं घमेलं माझ्यापुढं धरलं.

"हाय!" मी ओरडले, आणि चपला काढून चिखलात उतरले.