आकाराम गुळव्याचं अर्धं बोलणं

कोडोलीत गुऱ्हाळं पेटली की आकाराम गुळव्या चार महिने काहिलीच्या, रस आटवायच्या मोठ्या कढईच्या, काठावरच जगायचा. रस उकळून तांबूस झाला, बुडबुडे जड झाले, की तो बोटं पाण्यात बुडवायचा, चिमटीत थेंबभर पाक धरायचा, पाण्यात सोडायचा आणि गोळी दाबून एकच शब्द बोलायचा, "उतरा." त्या शब्दावर गडी काहील उचलायचे. घटकाभर उशीर झाला तर गूळ करपायचा, आधी उतरली तर ढेप पावसाळ्यात पाझरायची. आकारामची ढेप श्रावणातही कोरडीठाक असायची. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याची सही म्हणजे तो एक शब्द होता.

गुऱ्हाळ बाळासोचं. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा झाला तेव्हा बाळासोनं रस पिवळा करणाऱ्या रासायनिक पावडरीची पोती आणली. आकाराम कुरकुरला आणि टाकू लागला. पण एक रीत त्यानं सोडली नाही. हंगामाची शेवटची काहील गुळव्याची. तिच्यात पावडर नाही. रानभेंडीची खोडं ठेचून, त्यांचा चीक रसात सोडून तो मळी वर काढायचा. काळपट, ओबडधोबड गूळ निघायचा. त्या वर्षी ज्या घरात बाई बाळंत होणार असेल, त्या घरी तो गूळ जायचा. गल्लीतल्या बाळंतिणींच्या तोंडात दुसरा गूळ पडायचा नाही, आणि आकाराम त्या काळ्या ढेपा डोक्यावरून वाहून नेताना पाटलासारखा ताठ चालायचा.

दोन हजार तीनच्या हंगामात गल्लीतली निशिगंधा वही घेऊन गुऱ्हाळावर आली. कोल्हापूरच्या कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. गुऱ्हाळांवर प्रकल्प लिहायचा होता.

"तात्या, सरांनी सांगितलंय, दुसऱ्याचं बोलणं तीन रीतीनं घेता येतं. थोडक्यात सार सांगायचं. नाहीतर आपल्या शब्दांत मांडायचं. नाहीतर जसंच्या तसं अवतरणात घालायचं, खाली नाव टाकून."

"अवतरण म्हंजे?"

तिनं वहीत खुणा काढून दाखवल्या.

"ही कुंपणं व्हय? मग माझं त्यातच घाल. आत कुणी घुसाय नको. आन नाव ठळक घाल. न्हायतर बाळासो म्हणंल, मीच बोललो."

गडी हसले. काहिलीकडं डोळा ठेवून आकाराम सावकाश बोलला, "मी गुळात पावडर टाकतो. त्याबिगर गूळ पिवळा होत न्हाय. मालकाला पिवळा पायजे म्हणून टाकतो. पर माझी शेवटची काहील भेंडीची असती. बाळंतिणीला म्या पावडरीचा खडा कधी दिला न्हाय."

निशिगंधानं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. सरांनी कच्चा मसुदा पाहिला आणि म्हणाले, "अवतरण एवढं लांब नको. एक-दोन वाक्यं ठेव, बाकीचं तुझ्या शब्दांत आण." तिनं पहिली दोन वाक्यं ठेवली, खाली नाव घातलं. उरलेल्याचं सार पुढच्या पानावर गेलं: 'काही गुळवे आजही घरगुती वापरासाठी रानभेंडी वापरतात.' प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात तो छापून आला.

अंक पुढच्या हंगामाच्या तोंडावर गावात पोचला. बाळासो तो हातात गुंडाळून काहिलीखालच्या चुलवाणापाशी आला.

"वाचू का, तात्या? 'मी गुळात पावडर टाकतो.' खाली नाव, आकाराम, गुळव्या, कोडोली. अडत्यानं माझ्या तोंडावर फेकलं हे. माझ्या मिठाला जागलास की!"

"फुडचं वाच. फुडं मी बोललोय."

"फुडं तुझं नाव न्हाय. कुंपणाच्या आत एवढंच हाय."

त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा गुळव्या लागला. आकारामला वाटलं, हंगामाअखेर लोक दारात येतील, भेंडीचा गूळ मागतील, तेव्हा बाळासोला शेवटच्या काहिलीसाठी आपल्याला परत बोलवावं लागेल. हंगाम संपला. कुणी आलं नाही. निशिगंधाची वहिनी बाळंत झाली, निशिगंधाच्या आईनं, झुंबरबाईनं, बाजारातून पिवळी ढेप आणली. आकारामची बायको चिमणाबाई पाणवठ्यावर तिला आडवी झाली, "का गं, आमच्या गुळाला काय झालं?"

"तुझ्या माणसानंच कबूल केलंय न्हवं? माझ्या पोरीनं लिवलंय, ती काय खोटं लिवंल?"

हे ऐकून निशिगंधा अंक घेऊन पळत त्यांच्या घरी आली. आकाराम सोप्यात भिंतीला टेकून बसला होता.

"वाच," तो म्हणाला.

तिनं दोन्ही पानं वाचली.

"माझ्या नावावर बोट ठेव."

तिनं ठेवलं.

"आता भेंडीच्या वळीवर ठेव. तिथं कुणाचं नाव?"

"तिथं न्हाय, तात्या. ते सारात घातलं."

"म्हंजे पावडर आकारामनं टाकली. भेंडी कुणी घातली ते देवाला ठावं." तो हसला नाही. "तू खोटं काईच लिवलं न्हाईस, पोरी. तेच तर वंगाळ झालं."

तिनं कॉलेजात खेटे घातले. वर्षानं शेवटच्या पानावर चार ओळींचा खुलासा छापून आला. त्यात त्याचं पूर्ण बोलणं होतं, अवतरणात, नावासकट. अंक घेऊन ती त्याला शोधत गेली. वारणेकाठच्या एका परक्या गुऱ्हाळावर तो चुलवाणात जाळ घालत होता. उसाच्या वाळल्या चिपाडांच्या धगीनं भुवया जळून गेल्या होत्या. तिथं त्याला कुणी गुळव्या म्हणत नव्हतं.

तिनं खुलासा वाचून दाखवला. त्यानं एकही शब्द न गाळता ऐकला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "पर वाचणारी मागल्या वर्षीच वाचून उठल्यात की."

वर काहिलीवरचा पोरगेला गुळव्या उलथणं धरून घुटमळत होता. पाकाचा वास बदलला. आकारामची मान झटक्यात वर झाली, बोटं चिमटीत जुळली, ओठ उघडले. निशिगंधा थांबली, तो शब्द येईल म्हणून.

त्यानं ओठ मिटले आणि चिपाडांचा भारा आत लोटला. थोड्या वेळानं गुऱ्हाळभर करपट वास पसरला.