वास न येणारी दारू

संध्याकाळ झाली की माझ्या पापण्या मिटायला लागायच्या आणि जीभ जड व्हायची. सकाळी मात्र मी ठणठणीत. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. दाभोशाच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. प्रार्थनेला माझा आवाज खणखणीत असायचा आणि शेवटच्या तासाला माझं बोलणं मलाच कळायचं नाही. आमच्या भागात अशा माणसाचं निदान करायला डॉक्टर लागत नाही. गुरुजी मोहाची घ्यायला लागले, हे महिन्याभरात सगळ्यांनी ठरवून टाकलं.

जव्हारला घरी परतताना जीपमध्ये शेजारच्या बाया उठून मागे जाऊन बसायच्या. घरी बायको दारातच माझ्या तोंडाशी नाक आणायची. वास यायचा नाही, तर म्हणायची, "अहो, वास न येणारी कुठे मिळते?" मी चिडून उत्तर द्यायला जायचो आणि बोबडं बोलायचो. मग काय, संपलंच. एके दिवशी ती मुलीला घेऊन माहेरी, मोखाड्याकडच्या गावाला निघून गेली. त्यानंतर दिवस मावळल्यावर मी कुणाशी बोलायचंच सोडलं. फार एकटं वाटायचं, आणि रागही यायचा.

जव्हारात दोनदा तपासून घेतलं होतं, पण दोन्ही वेळा सकाळी, विश्रांती झाल्यावर, म्हणून काहीच सापडलं नव्हतं. शेवटी सुट्टीत मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. नंबर येईपर्यंत संध्याकाळ झाली, हे माझं नशीब. माझ्या पापण्या बघूनच डॉक्टरीणबाई सावरून बसल्या. चाचण्या झाल्यावर त्यांनी नीट समजावलं. मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो, तिथे स्नायूच्या पृष्ठभागावर ग्राही असतात. मज्जातंतूतून आलेलं रसायन ते झेलतात, म्हणून स्नायू हलतो. स्नायू हे ग्राही सतत आत ओढून घेतो, काही मोडीत काढतो, काही परत वर पाठवतो. एरवी रोगजंतूंशी लढणारी माझ्या शरीरातलीच प्रतिद्रव्यं त्यांना चिकटत होती. त्यामुळे ते भराभर आत जाऊन नष्ट होत होते, आणि भरपाई पुरत नव्हती. म्हणून दिवसभर वापरलेले स्नायू संध्याकाळी दमायचे. इतकी वर्षं मुलांना स्नायू शिकवले, पण हे मला माहीत नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. जरा जम बसल्यावर मी मुद्दाम संध्याकाळच्या जीपने सासुरवाडीला गेलो. ओटीवर बसून इस्पितळाचा कागद उघडला आणि सगळं सांगितलं, ग्राही, प्रतिद्रव्यं, एकही शब्द न अडखळता. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती.

"गोळ्यांनी सुटली ना, जावई?" सासरे म्हणाले. "बेस झालं."

मी बायकोकडे पाहिलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मुलीला म्हणत होती, चल, चपला घाल, बाबा न्यायला आलेत.

मी कागदाची घडी घातली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणालो, "हो, सुटली."