भरदिवसा दिवे

गेल्या पावसाळ्यात, डिंभ्याच्या पुढे तळेघरच्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या दाट धुक्यात मी माझ्या गाडीचे चालू असलेले दिवे बंद केले. का, तर कुणीतरी हाताने खूण केली म्हणून. फौजेत सतरा वर्षं मी गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

ती खूण तुम्हालाही माहीत आहे. समोरून येणारा पंजा वर करतो आणि बोटं उघडमीट करतो. म्हणजे, राव, तुमचा दिवा चालू राहिलाय. आमच्या जुन्नर-आंबेगावात तुमच्या गाडीचं चाक निखळून पुढे पळालं तरी कुणी सांगणार नाही. पण दिवसा दिवा चालू दिसला की माणूस हातातलं काम टाकून पंजा हलवतो.

गाडीत माझ्या शेजारी वहिनी होत्या. हवालदार सखाराम यांच्या पत्नी. सखाराम तळेघरच्या पलीकडच्या वाडीचा, मी पिंपळवंडीचा. आमचं युनिट एकच. दर वर्षी त्याच्या तिथीला मी वहिनींना मंचरहून, त्यांच्या लेकीकडून, वाडीवर नेतो. त्या दिवशीही तिकडेच निघालो होतो.

सखाराम कसा गेला ते सांगायला हवं. त्याशिवाय माझा मूर्खपणा किती मोठा ते कळणार नाही.

तेव्हा आमचं पोस्टिंग पूर्वेकडच्या पहाडात होतं. रोज पहाटे फॉल-इन, गाड्यांची तपासणी, मग सुभेदार साहेबांचं ब्रीफिंग. ब्रीफिंगचं एक वाक्य कधी बदलायचं नाही. "धुंध में लो बीम ऑन. सबकी. दिन में भी."

एकदा एका नव्या ड्रायव्हरने तोंड उघडलं. "साहब, धुंध में लाइट से दिखता तो कुछ है नहीं."

"तेरे देखने के लिए नहीं जलानी, बेवकूफ. तू दिखे, इसलिए जलानी है."

तो नवा ड्रायव्हर मीच.

त्या सकाळी कॉन्व्हॉयमध्ये सखारामची गाडी पुढे आणि माझी तिच्या मागे होती. चढावर त्याच्या ब्रेकचा एअर पाइप फुटला. त्याने गाडी डोंगराच्या कडेला घेतली. धुकं एवढं, की मला त्याच्या मागच्या दोन लाल दिव्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. वायरलेसवर आवाज आला. "ब्रेकडाउन. गॅप रखो. लाइट ऑन. ओव्हर." मी थांबलो. सखाराम लाल झेंडी घेऊन पुढच्या वळणावर जाऊन उभा राहिला, वरून येणाऱ्यांना थांबवायला.

वरून एक सिव्हिल ट्रक आला. त्याला दिवे नव्हते. सखारामला ट्रक दिसला नाही, ट्रकवाल्याला सखाराम दिसला नाही.

ट्रकवाला रस्त्यात बसून रडत होता. वाईट माणूस नव्हता. सुभेदार साहेबांनी विचारलं, "बत्ती क्यों नहीं जलाई?"

तो म्हणाला, "साहब, दिन था."

हे उत्तर मला अजून पचलेलं नाही. शत्रूची गोळी लागली असती तर निदान शत्रूवर राग काढता आला असता. आमचा माणूस गेला तो एक बटण न दाबल्यामुळे. ते दाबायला एक बोट पुरतं.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी. आणि सखारामच्याच तिथीला, सखारामच्याच बायकोला शेजारी बसवून, मी काय केलं बघा.

डिंभ्यापासून धुकं उतरलं, तसे मी दिवे लावले. पहिल्यांदा एका मोटारसायकलवाल्याने पंजा हलवला. मी दुर्लक्ष केलं. मग एका जीपवाल्याने. तेही सोडून दिलं. मग रस्त्याच्या कडेने एक म्हातारबाबा गवताचा भारा घेऊन चालले होते. त्यांनी भारा एका हाताने सावरला आणि दुसऱ्या हाताने खूण केली. एवढ्या ओझ्याखाली माणूस आपली काळजी करतोय, त्याचा मान राखावा, असं मला वाटलं. मी दिवे बंद केले.

"दिवं घालवलं व्हय?" वहिनींनी विचारलं.

"लोक सांगतायत, वहिनी."

"लोकांला काय जातंय."

पुढच्या वळणावर एसटीला ओव्हरटेक करत एक पांढरी पिकअप धुक्यातून थेट माझ्या अंगावर आली. मी स्टिअरिंग डावीकडे मारलं. गाडीची दोन चाकं साइडपट्टी सोडून चरात गेली आणि वहिनींच्या बाजूचा दरवाजा दरडीला टेकला. एसटी निघून गेली.

"लागलं का?"

"न्हाई." त्यांच्या मांडीवरची हारांची पिशवी तशीच होती.

पिकअपवाला पुढे थांबून पळत आला. मी उतरलो आणि परेड ग्राउंडचा आवाज काढला. "डोळे आहेत का तुला?"

"दिसलाच न्हाई तुमी, काका. आईशप्पथ. तुमचं दिवं बंद व्हतं."

"आणि तुझे?"

"दिवसा कोन लावतं?"

माझं डोकं सणकलं. साहब, दिन था. इतक्या वर्षांनी तेच उत्तर, तेही माझ्याच तालुक्यांच्या भाषेत. पिकअपवाला माझ्या गाडीला दोर बांधायला लागला. मी डिकीतला लाल टॉवेल काढला आणि वळणावर जाऊन उभा राहिलो. येईल ती गाडी थांबवली.

"दिवे लाव."

"बॅटरी उतरंल, राव."

"इंजिन चालू असताना? कुणी शिकवलं तुला?"

दुसरा म्हणाला, "माझी गाडी पांढरी हाय, भाऊ. लांबनं दिसती."

"धुकं काय काळं आहे?"

एका शहाण्याने चारही इंडिकेटर लावले होते. मी विचारलं, "डावीकडे वळणार का उजवीकडे?" तो म्हणाला, "सरळ." एका पोराच्या नव्या मोटारसायकलचा दिवा लागलेला होता. मी त्याची पाठ थोपटायला गेलो, तर तो म्हणाला, "बंद करायला बटनच न्हाई दिलं कंपनीनं." म्हटलं, कंपनीने तुला बरोबर ओळखलंय.

मी रंगात आलो होतो. तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. त्या माझ्या बाजूच्या दरवाजातून कधी उतरल्या, मला कळलं नव्हतं.

"भावजी, तिथनं बाजूला व्हा."

"एवढी एक गाडी—"

"बाजूला व्हा म्हन्ते ना. एक वळनावर हुबा ऱ्हायला, तेवढा बास झाला."

मी टॉवेल खाली केला आणि दरडीला चिकटून उभा राहिलो. गाडी चरातून निघाली. वाडीपर्यंत दिवे लावून गेलो. वाटेत दोघांनी पंजे हलवले. मी सरळ समोर बघत राहिलो.

वाडीत भावकी जमली होती. भिंतीवर सखारामचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, हसू दाबलेला. फोटोग्राफर त्याला 'हिलो मत' म्हणाला होता आणि मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून तोंडं वेडीवाकडी करत होतो. वहिनींनी फोटोला हार घातला. मी सॅल्यूट केला. हवालदार सखाराम. ड्यूटीवर असताना. धुक्यात, दिवसा.

नाचणीची भाकरी खाताना मी सगळ्यांना झालेला प्रकार सांगितला. दिवे न लावणाऱ्यांना शिव्या घातल्या, खूण करणाऱ्यांनाही घातल्या. रस्त्यावर माणसाला शिस्त कशी नाही यावर बराच वेळ बोललो. सखारामचे धाकटे भाऊ माना डोलवत होते. शेवटी म्हणालो, "पुढच्या वर्षी, वहिनी, मंचरपासूनच दिवे लावून आणतो तुम्हाला."

वहिनी माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "नगं. फुडल्या वर्साला म्या एसटीनं यीन. तिचा डायवर तरी कुनाचं ऐकत न्हाई."